नोंदवहीचा मक्ता

फेब्रुवारी २०२०ची गोष्ट. दिल्लीत शाहीनबाग सुरू होती आणि इकडे मराठवाड्यात आमच्या मोहल्ल्यातल्या लोखंडी पेट्या माळ्यावरून खाली उतरल्या होत्या. कुणी आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला शोधत होतं, कुणी जमिनीच्या जुन्या नकला काढायला तहसीलला हेलपाटे घालत होतं. कचेरीबाहेरच्या झेरॉक्सवाल्याला जेवायला फुरसत नव्हती. त्याच दिवसांत बातमी आली, की आसामच्या राष्ट्रीय नागरिक नोंदणीची, म्हणजे एनआरसीची, अंतिम यादी संकेतस्थळावरून दिसेनाशी झाली आहे. तीन कोटी तीस लाख माणसांची यादी. १५ डिसेंबर २०१९पासून ती दिसत नव्हती आणि देशाला ते दोन महिन्यांनी कळलं.

मशिदीबाहेर चर्चा रंगली. बहुतेकांना त्यात कट दिसला. गृहमंत्रालयानं खुलासा केला, की डेटा सुरक्षित आहे, क्लाउडवर दिसण्यात तांत्रिक अडचण आहे. मग हळूहळू जे कारण समोर आलं ते कटाहून फार साधं होतं. यादी ज्या भाड्याच्या क्लाउडवर ठेवली होती, त्याचा विप्रो कंपनीशी असलेला करार १९ ऑक्टोबर २०१९ला संपला होता. तो कुणी वाढवलाच नाही. आपण सदिच्छा म्हणून जानेवारीअखेरपर्यंत भाडं भरत राहिलो, असं कंपनीनं सांगितलं. काही दिवसांनी यादी पुन्हा दिसू लागली.

मला त्या साध्या कारणाचीच जास्त धास्ती वाटली. कट असला तर निदान कुणीतरी जागं असतं. इथे एका राज्यातल्या सगळ्या माणसांच्या नागरिकत्वाचा कागद भाडेकरारावर उभा होता आणि कराराची तारीख कोण बघतंय, हेच ठरलेलं नव्हतं.

या धास्तीला एक खासगी कारणही आहे. वीसेक वर्षांपूर्वी, पदवीनंतरच्या बेकारीत, मी काही महिने डाटा एंट्रीचं काम केलंय. मतदारांच्या नावांचं काम होतं. सरकारनं ते एका कंपनीला दिलेलं, कंपनीनं दुसऱ्याला, दुसऱ्यानं आमच्या तालुक्याच्या गावातल्या एका कॉम्प्युटर क्लासच्या मालकाला. आम्ही सहा जण. पैसे नोंदीमागे, पैशांतच मोजायचे. रुपयापर्यंत पोचायला तीन-चार नावं टाइप करावी लागत. शेख, सय्यद, पठाण, बी, बेगम, बानो. हाताचा वेग वाढला की डोळा वाचणं सोडून देतो. आमच्याच गल्लीतल्या हाजराबी माझ्या बोटांखाली ‘हजारबी’ झाल्या. मला ते कळलं तेव्हा याद्या छापून आल्या होत्या. मी मालकाला सांगितलं. तो म्हणाला, बिल निघालंय, आता त्यात हात घालायचा नाही. दुरुस्तीसाठी हाजराबींनाच अर्ज भरावा लागला. फॉर्म मीच भरून दिला. चूक माझी आहे, हे मात्र मी त्यांना सांगितलं नाही.

आसामच्या वहीची गोष्ट जुनी आहे. १९५१च्या जनगणनेच्या चिठ्ठ्यांवरून घरागणिक माणसांची नावं रजिस्टरात उतरवली गेली. ती पहिली एनआरसी. हातानं लिहिलेल्या वह्या कचेऱ्यांत पडून राहिल्या, पुढे पोलिसांच्या ताब्यात गेल्या. काही वाळवीनं खाल्ल्या, काही सापडल्याच नाहीत. १९७९ ते १९८५ आसाम आंदोलन चाललं. १५ ऑगस्ट १९८५च्या करारात २४ मार्च १९७१ची मध्यरात्र ही सीमारेषा ठरली. २०१०मध्ये दोन महसुली मंडळांत नोंदणीचा प्रयोग झाला, त्यातल्या बरपेटात निदर्शनांवर गोळीबार होऊन चार माणसं गेली आणि काम थांबलं. मग सर्वोच्च न्यायालयानं लक्ष घातलं आणि काम पुन्हा सुरू झालं. या वेळी वहीच्या जागी संगणक होता.

त्या कामाचा आवाका समजून घ्यायला हवा. १९५१च्या वह्या आणि १९७१पर्यंतच्या मतदारयाद्या स्कॅन करून त्यातली नावं संगणकात भरायची. प्रत्येक जुन्या नोंदीला एक सांकेतिक क्रमांक द्यायचा. अर्जदारानं त्यात आपला बाप किंवा आजा शोधायचा आणि त्याच्याशी आपलं नातं कागदानं सिद्ध करायचं. मग एकाच आजोबाचा क्रमांक वापरणाऱ्या सगळ्या नातवंडांनी लिहिलेली वंशावळ संगणकानं एकमेकांशी ताडून बघायची. गावोगाव मिळून सुमारे अडीच हजार सेवा केंद्रं. साडेसहा कोटींच्या आसपास कागदपत्रं. सरकारी खात्याला हे एकट्यानं जमणारं नव्हतं, हे कुणीही मान्य करील. यंत्रं, सॉफ्टवेअर, डाटा एंट्रीची माणसं, साठवण हे सगळं एकत्र बांधून देणारा, त्यांच्या भाषेत ‘सिस्टिम इंटिग्रेटर’, म्हणून विप्रोची निवड झाली.

माहिती-व्यवस्थेचं काम बाहेर देण्याच्या धोक्यांवर इंग्रजीत भरपूर लिहिलं गेलंय. १९८९ साली कोडॅक या फोटोफिल्मच्या कंपनीनं आपला संगणक विभाग आयबीएम आणि इतरांच्या हवाली केला, तेव्हापासून ही लाट आली असं मानतात. त्या लिखाणात धोके सांगितलेले असतात. खर्च फुगतो. काम देणाऱ्याकडचं ज्ञान आटत जातं आणि मग ठेकेदाराशिवाय पान हलत नाही. कराराबाहेरच्या प्रत्येक बदलाला वेगळे पैसे पडतात. ठेकेदार पोटठेकेदार नेमतो आणि काम नेमकं कोण करतंय हेच कळेनासं होतं. आसाममध्ये यातलं जवळपास सगळं घडलं. पण या लिखाणात टेबलाला दोनच खुर्च्या असतात, काम देणारा आणि काम घेणारा. ज्याचं नाव वहीत आहे तो खोलीत नसतोच.

२४ डिसेंबर २०२२ला भारताच्या महालेखापरीक्षकांचा अहवाल आसाम विधानसभेत मांडला गेला. मी तो वाचायला घेतला तो हाजराबींच्या आठवणीनं. प्रकल्पाचा २०१४चा अंदाज २८८ कोटी १८ लाख रुपये होता. मार्च २०२२पर्यंत तो १,६०२ कोटी ६६ लाखांवर गेला. काम फेब्रुवारी २०१५पर्यंत संपायचं होतं, अंतिम यादी ३१ ऑगस्ट २०१९ला आली. या आकड्यांचं मला फार वाटलं नाही, आपल्याकडे पूलही असेच बांधतात. थबकलो ते पुढच्या परिच्छेदाशी. मूळ सॉफ्टवेअरला वेळोवेळी २१५ छोटी सॉफ्टवेअर जोडली गेली होती, आणि ती जोडताना ना विकासाची रीतसर पद्धत पाळली होती, ना निविदा काढून पुरवठादाराची पात्रता तपासली होती. परिणाम असा, की डेटात फेरफार होऊनही मागे माग न राहण्याचा धोका तयार झाला. कोणतं नाव कधी, कुणी, कशावरून बदललं याची भरवशाची नोंद नाही.

२१५! घराला एवढी ठिगळं लावली तर मूळ भिंत कोणती ते मालकालाही सांगता येत नाही. लेखापरीक्षकांनी पुढे स्पष्टच लिहिलं, की १,५७९ कोटी ७८ लाखांचा थेट खर्च आणि ४० ते ७१ हजार सरकारी कर्मचाऱ्यांची मेहनत लागूनही निर्दोष नोंदणीचा हेतू साध्य झालेला नाही.

अहवालात माझ्या जुन्या धंदेबंधूंचाही उल्लेख आहे. डाटा एंट्री ऑपरेटरांसाठी मंजूर दर महिन्याला साडेचौदा ते साडेसतरा हजार रुपयांचे होते, त्यांच्या हातात सरासरी साडेपाच ते नऊ हजार एकशे पडले. किमान वेतनाच्या मुद्द्यावर कंपनीविरुद्ध आणि तेव्हाच्या राज्य समन्वयकांविरुद्ध कारवाईची शिफारस लेखापरीक्षकांनी केली. लेखापरीक्षण म्हणजे न्यायालयाचा निकाल नव्हे, हे लक्षात ठेवूनच हे लिहितोय. पण साडेपाच हजारांत दिवसभर नावं भरणाऱ्या पोरानं ‘खातून’ आणि ‘खातुन’ एकच आहे का याचा विचार करत बसावं, ही अपेक्षा मला तरी करवत नाही. शिवाय ही नावं जुन्या याद्यांत असमिया किंवा बंगाली लिपीत, अर्जात इंग्रजीत. बायकांची गत तर अधिकच बिकट. माहेरी एक नाव, लग्नानंतर ‘बीबी’ किंवा ‘बेगम’ लागून दुसरं, शाळेचा दाखला बहुतेकींकडे नाही. सुमारे २९ लाख बायकांनी ग्रामपंचायतीचा दाखला जोडला होता. तो ग्राह्य की अग्राह्य यावर आधी उच्च न्यायालयात आणि मग सर्वोच्च न्यायालयात वाद झाला, डिसेंबर २०१७मध्ये तो पडताळणीच्या अटीवर ग्राह्य ठरला.

अंतिम यादीतून १९,०६,६५७ माणसं वगळली गेली. धर्मनिहाय अधिकृत आकडा जाहीर झालेला नाही. त्यात हिंदूही मोठ्या संख्येनं आहेत हे आसाममधल्या सगळ्याच बाजूंनी मान्य केलंय. म्हणून ही फक्त ‘आपली’ गोष्ट आहे असं समजू नये, हे मी मोहल्ल्यातही सांगत असतो.

आता विप्रोबद्दल. हे नाव वाचलं की खानदेशातल्या वाचकांना अमळनेर आठवेल. साने गुरुजी ज्या गावात शिकवत होते, त्याच अमळनेरात १९४५च्या अखेरीस मोहम्मद हुसेन हाशम प्रेमजी यांनी वनस्पती तुपाची कंपनी काढली, वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. त्या नावाचं लघुरूप पुढे विप्रो झालं. १९६६मध्ये ते वारले, तेव्हा अमेरिकेत शिकणारा एकवीस वर्षांचा अझीम परत आला. अमळनेरात साध्या साध्या घरांत या कंपनीचे शेअर आहेत आणि त्यांनी कित्येक संसार उभे केले, हे सर्वश्रुत आहे. फाळणीनंतर इथेच राहिलेल्या एका मुसलमान व्यापाऱ्याची कंपनी सत्तर वर्षांनी कोण इथला आणि कोण बाहेरचा हे ठरवणाऱ्या यादीचं सॉफ्टवेअर बांधते! आमच्यातल्या काहींना हे ऐकून चीड येते. मला तशी येत नाही. निविदा भरणाऱ्या कंपनीला धर्म नसतो. तिला कराराची कलमं असतात, आणि आपला सवाल कलमांचाच आहे.

कंपनी तेलातून संगणकात कशी आली, तोही भाग आपल्या विषयाचाच आहे. साठच्या-सत्तरच्या दशकात भारतात आयबीएमचा दबदबा होता. ती यंत्रं विकण्यापेक्षा भाड्यानं द्यायची, तीही बरीच जुनी. देखभाल तिचीच. सरकारी खात्यांचा आणि मोठ्या कारखान्यांचा हिशेब परक्या कंपनीच्या भाड्याच्या यंत्रावर चालायचा. १९७३च्या परकीय चलन कायद्यानं परदेशी भागभांडवल ४० टक्क्यांवर आणायची अट घातली. जनता राजवटीत जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना आयबीएमनं ती नाकारली आणि १९७८मध्ये गाशा गुंडाळला. मागे राहिलेल्या यंत्रांची देखभाल सीएमसी या सरकारी कंपनीनं उचलली आणि मोकळ्या झालेल्या बाजारात विप्रोसारख्या देशी कंपन्या उतरल्या. तेव्हा सरकारला भाड्याच्या यंत्राचा धोका कळत होता. पुढच्या चाळीस वर्षांत कंपन्या देशी झाल्या, भाडं मात्र परत आलं.

निजामाच्या मुलखातल्या माणसाला हे नवं वाटू नये. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आमच्याकडे सारा वसुलीचा मक्ता दिला जाई. ठरलेली रक्कम सरकारात भरायची, रयतेकडून किती घ्यायचे ते मक्तेदारानं बघायचं. १८५३मध्ये दिवाण झालेल्या सालारजंगांनी ही पद्धत मोडून पगारी तालुकदार नेमले. वसुली महाग पडली तरी चालेल, पण रयत आणि सरकार यांच्यामधल्या माणसानं सरकारला जबाब दिला पाहिजे, हा त्यामागचा हिशेब होता.

ठेकेदाराच्या वहीनं माणसं कशी उद्ध्वस्त होतात याचं पूर्ण उलगडलेलं उदाहरण आसामात नाही, इंग्लंडमध्ये आहे. तिथल्या पोस्टानं १९९९-२०००मध्ये ‘होरायझन’ ही संगणकव्यवस्था शाखाशाखांत बसवली. कंत्राट १९९६मध्ये आयसीएल या कंपनीला दिलेलं, ती पुढे पूर्णपणे जपानच्या फुजित्सूची झाली. मूळ योजनेत पोस्टाबरोबर समाजकल्याण खातंही होतं, ते १९९९मध्ये बाहेर पडलं आणि अर्धीमुर्धी व्यवस्था पोस्टाच्या गळ्यात राहिली. हिशेबाच्या भागाचा कोड सदोष आहे, हे बनवणाऱ्यांच्याच अंतर्गत अहवालात १९९८मध्ये नोंदलं गेलं होतं.

मग शाखांच्या हिशेबात तूट दिसू लागली. या शाखा चालवणारे सब-पोस्टमास्तर म्हणजे कोपऱ्यावरचे दुकानदार. त्यात भारत-पाकिस्तानातून, पूर्व आफ्रिकेतून गेलेली आपली माणसं पुष्कळ. पोस्टाशी असलेल्या करारानुसार तूट त्यांनी भरायची. संगणक चुकत नाही, म्हणजे तुम्हीच चोर. अनेकांनी घरं गहाण टाकून पैसे भरले. १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून अधिक लोक दोषी ठरले, त्यातले बहुतेक खटले पोस्टानं स्वतःच चालवले. सरेतल्या वेस्ट बायफ्लीटच्या सीमा मिश्रा यांना नोव्हेंबर २०१०मध्ये पंधरा महिन्यांची शिक्षा झाली. त्या गरोदर होत्या आणि त्या दिवशी मोठ्या मुलाचा दहावा वाढदिवस होता. त्याच सुमारास व्यवस्थेतला एक दोष पोस्टाला आणि कंपनीला माहीत झाला होता. तो त्यांच्या वकिलांना सांगितला गेला नाही.

यात कंत्राटाचा वाटा नेमका कुठे, ते बघा. व्यवहारांच्या मूळ नोंदी फुजित्सूकडे. पोस्टानं मागितल्या तर वर्षाला ठरावीक संख्येपर्यंतच मिळणार, त्यापुढे पैसे. दुकानदाराचा तर कंपनीशी करारच नाही, त्यानं मागायच्या कुणाकडे? कंपनीचे कर्मचारी दुरून शाखेच्या हिशेबात शिरू शकत होते, आणि पोस्ट वर्षानुवर्षं ते शक्यच नाही असं सांगत राहिलं. भरीला कायदाही बदललेला. पूर्वी संगणकाचा पुरावा द्यायचा तर यंत्र नीट चाललं होतं हे दाखवावं लागे, ते कलम १९९९च्या कायद्यानं रद्द झालं. आणि २०२३मध्ये माहितीच्या अधिकारातून एक कागद बाहेर आला. तपासनीसांनी संशयिताचा वंश नोंदवायचा, त्यात ‘इंडियन/पाकिस्तानी टाइप्स’ असा एक प्रकार होता.

तिथे अॅलन बेट्स नावाचा एक सब-पोस्टमास्तर चिवटपणे वीस वर्षं लढला. ५५५ जणांच्या दाव्यात डिसेंबर २०१९मध्ये न्यायालयानं व्यवस्थाच सदोष ठरवली. एप्रिल २०२१मध्ये सीमा मिश्रांसह ३९ जणांची शिक्षा रद्द झाली, २०२४मध्ये कायदा करून शेकड्यांनी शिक्षा पुसल्या गेल्या. हे शक्य झालं, कारण मूळ नोंदी आणि दोषांच्या याद्या कंपनीच्या कपाटात का होईना, पण शिल्लक होत्या. न्यायाधीशांना त्या उघडता आल्या. आसामच्या २१५ ठिगळांमागे असं काय शिल्लक आहे, हा प्रश्न लेखापरीक्षकांचा अहवाल वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही. यादीवर ज्यांचा विश्वास नाही ते लोकही हाच प्रश्न उलट्या बाजूनं विचारतात. त्यांचं म्हणणं, यादीत नको ती नावं घुसली. नोंदच नसेल तर दोघांनाही उत्तर देता येत नाही.

दरम्यान, दावे-हरकतींच्या वेळी सुमारे २७ लाख लोकांचे बोटांचे ठसे घेतले होते, ते कुलूपबंद झाले. परिणामी अंतिम यादीत नाव आलेल्या लाखो माणसांनाही वर्षानुवर्षं आधार कार्ड मिळालं नाही. रेशन अडलं, पोरांच्या शिष्यवृत्त्या अडल्या. ऑगस्ट २०२४मध्ये त्यातल्या ९ लाख ३५ हजारांचं कुलूप उघडल्याची घोषणा झाली.

यादीला महानिबंधकांची अधिसूचना अजून नाही. ती नाही म्हणून नाव वगळल्याची कारणासह पावती नाही. कायद्यानं वगळलेल्या माणसाला परदेशी नागरिक न्यायाधिकरणात अपील करायला १२० दिवस दिलेत आणि ते दिवस पावती हातात पडल्यापासून मोजायचे आहेत. हे लिहीपर्यंत १९ लाखांपैकी कुणाचाही पहिला दिवस सुरू झालेला नाही.